ओरांजरीतल्या वॉटर लिली: पूल शोधू नका, उजेड बघा

पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात येणाऱ्या बऱ्याच जणांना फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या चित्रांतला तो हिरवा जपानी पूल बघायचा असतो. कॅलेंडर, मग, छत्री, सगळीकडे तोच छापलेला असतो ना! पण तो इथे नाही. मोनेच्या ‘वॉटर लिली’ मालिकेतल्या इथल्या आठ चित्रांत फक्त पाणी आहे, पानंफुलं आहेत, विलोच्या लोंबत्या फांद्या आहेत आणि पाण्यात उतरलेले ढग आहेत. काठ नाही, क्षितिजही नाही. हे आधीच ठाऊक असलं की पहिली दहा मिनिटं पूल शोधण्यात जात नाहीत.

आठही चित्रं सुमारे दोन मीटर उंच आहेत आणि सगळ्यांची मिळून लांबी 91 मीटर भरते. दोन लंबगोल दालनांच्या वळत्या भिंतींवर कॅनव्हास थेट चिकटवलेले आहेत, म्हणून ही चित्रं दुसरीकडे प्रदर्शनाला जाऊच शकत नाहीत. ती बघायची तर इथेच यावं लागतं. वर काच नाही, आणि याचा फायदा किती ते आत गेल्यावरच कळतं: कुठूनही बघा, समोरच्या माणसाचं प्रतिबिंब मध्ये येत नाही.

आधी दालनाच्या मधल्या बाकावर बसा. बसल्यावर नजर चित्राच्या साधारण मध्यावर येते आणि वळती भिंत दोन्ही बाजूंनी जवळ येते. मग उठून भिंतीजवळ जा. अगदी खेटून उभं राहिलं की रखवालदार हटकतात, पण हातभर अंतरावरूनही पुष्कळ दिसतं. मोनेने आधीचा थर वाळू दिलाय आणि त्याच्या खडबडीत पाठीवरून जवळजवळ कोरडा ब्रश ओढलाय. त्यामुळे वरचा फिका जांभळा रंग फक्त उंचवट्यांना लागतो आणि खाचांतून खालचा हिरवा डोकावत राहतो. लांबून जे पाण्याचं हलणं वाटतं ते हेच. दुसऱ्या दालनातलं ‘दोन विलो’ 17 मीटरचं आहे आणि प्रत्येकी सव्वाचार मीटरचे चार कॅनव्हास जोडून झालंय. जोडाच्या उभ्या रेघा शोधा. रेघेच्या दोन्ही बाजूंना रंग कसा जुळवून घेतलाय ते बघण्यासारखं आहे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. छत काचेचं आहे, त्याखाली उजेड गाळणारं पांढरं कापड ताणलंय, आणि दालनं दिवसाच्या उजेडावर चालावीत हीच मोनेची अट होती. 1960च्या दशकात वॉल्टर-गियोम या दुसऱ्या चित्रसंग्रहासाठी वर मजला चढवला गेला आणि हा उजेडच बंद झाला. 2000 ते 2006 या दुरुस्तीत तो मजला काढला, संग्रह जमिनीखाली नेला आणि छत पुन्हा उघडलं. त्यामुळे ढग आला की चित्रं खरोखर बदलतात. निळे मागे सरतात, पिवळे आधी विझतात. पहिल्या दालनातल्या ‘सूर्यास्ता’वर हे सगळ्यात स्पष्ट कळतं. डिसेंबरात पॅरिसमध्ये पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे हिवाळ्यात चारनंतर गेलात तर दिव्यांच्या उजेडातली चित्रं बघाल. तीही वाईट दिसत नाहीत, पण ज्यासाठी एवढा खटाटोप झाला ते हुकतं. सकाळी नऊला दार उघडतं, तीच वेळ धरा आणि आधी इतर काही न बघता सरळ दालनांत जा. अकरानंतर बाकावर जागा मिळणं मुश्कील. शांतता राखा अशी विनंती केलेली असते, ती गर्दीत कोणी पाळत नाही. फ्लॅशशिवाय फोटोला परवानगी असल्याने निम्मी माणसं चित्राकडे पाठ करून उभी असतात.

आता तक्रार. ही चित्रं ‘निसर्गाची शांती’ म्हणून दाखवली जातात. मोनेने युद्धविरामाच्या दुसऱ्याच दिवशी, 12 नोव्हेंबर 1918ला, फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो यांना पत्र लिहून देशाला चित्रं देऊ केली, ती कथा सगळे सांगतात आणि ती खरीही आहे. पण चित्रातलं तळं मुळात निसर्गाने दिलेलं नव्हतंच, आणि ही बाजू या दोन दालनांत शोधून सापडत नाही. जिव्हर्नीत, म्हणजे मोने राहत होता त्या गावात, त्याने 1893मध्ये रेल्वे रुळांपलीकडची जमीन घेतली आणि एप्त नदीच्या फाट्याचं पाणी तळ्यात वळवायची परवानगी मागितली. गावकऱ्यांनी विरोध केला; ही परदेशी झाडं पाणी विषारी करतील अशी त्यांना भीती होती. झाडं आली फ्रेंच बागायतदार लातूर-मार्लियाक यांच्या रोपवाटिकेतून. थंडीत टिकणाऱ्या रंगीत वॉटर लिलींचे संकर त्यांनीच तयार केले होते. त्याआधी युरोपातल्या थंडीत टिकणारी लिली पांढरीच असे. पुढे मोटारींची धूळ पानांवर बसायला लागली तेव्हा मोनेने स्वतःच्या खर्चाने रस्त्यावर डांबर टाकून घेतलं. तळं साफ ठेवायला एक माळी वेगळा होता. पर्यावरणाचं चित्र म्हणून बघायचं तर हे माहीत हवं: जे रंगवलंय ते रोज राखलेलं, परवानगी काढून वळवलेलं पाणी आहे. याने चित्र कमी होत नाही, उलट काठ आणि रूळ चित्रातून वगळण्याचा निर्णय किती जाणूनबुजून घेतलाय ते कळतं.

आजच्या चित्रकाराचा बागेकडे बघण्याचा नमुना याच इमारतीत येऊन गेलाय. 2021-22च्या हिवाळ्यात खालच्या मजल्यावर ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीचा नॉर्मंडीतल्या एका वर्षाचा सुमारे 90 मीटरचा पट्टा लावला होता, 2020मध्ये आयपॅडवर काढलेली चित्रं जोडून छापलेला. लांबी जवळपास तेवढीच, पण हातभर अंतराची कसोटी तिथे लागू पडत नाही. छपाईला थर नसतात, जवळ गेल्यावर जास्त काही मिळत नाही. तो चालत बघायचा पट होता. ऋतू पायांखालून सरकतात तेव्हाच तो उघडतो. मोनेला बसून बघायचं असतं.

खालचा वॉल्टर-गियोम संग्रह भरगच्च आहे. रेन्वार, सेझान, मातीस, देरँ वगैरे. वेळ कमी असेल तर फक्त सुतीन बघा.

व्यवहाराचं थोडक्यात. मंगळवारी बंद. कॉंकॉर्द मेट्रोला उतरायचं, मार्ग 1, 8 किंवा 12. तिकिटावर वेळ ठरलेली असते, ऑनलाइन काढा. म्युझियम पास असला तरी वेळ आरक्षित करावी लागते. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत, पण आरक्षण तेव्हाही हवं आणि गर्दीमुळे तो दिवस या दालनांसाठी सगळ्यात वाया. 18 वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत.

जिव्हर्नीही करणार असाल तर बाग आधी, ओरांजरी नंतर. उलट केलंत तर तळं लहान वाटतं आणि विरस होतो. सँ-लाझार स्टेशनवरून व्हर्नोंला गाडी, सुमारे 50 मिनिटं, तिथून बस. बाग 1 एप्रिल ते 1 नोव्हेंबर एवढीच उघडी असते आणि लिली फुललेल्या हव्या असतील तर जुलै-ऑगस्ट धरा. एप्रिलात ट्यूलिप भरपूर असतात, तळ्यात मात्र नुसती पानं. तो पूलही तिथेच आहे.