उरणात घर घेताना: केगावचं बैठं घर की द्रोणागिरीतला फ्लॅट?

उरणात घर शोधणाऱ्यापुढे शेवटी दोनच वाटा उरतात. एक म्हणजे जुन्या उरणची बाजू: केगाव, म्हातवली, बोरी पाखाडी, नागाव, इथलं अंगणासकटचं स्वतंत्र घर. दुसरी म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, सिडकोच्या, द्रोणागिरी नोडमधला (आखीव वसाहतीतला) फ्लॅट. मी पहिल्या बाजूला बरीच वर्षं भाड्यानं राहिलो आणि घर दुसऱ्या बाजूला घेतलं. भाव आणि चौरस फूट दलाल सांगेलच, त्यामुळे त्यात शिरत नाही.

आधी जुन्या बाजूबद्दल, कारण माझा जीव अजून तिथेच आहे. उरण मुळात बेट. जुन्या नोंदींत ते करंजा बेट म्हणूनच येतं. खाड्या बुजत गेल्या, भराव पडले आणि ते मुख्य जमिनीला चिकटलं. केगावात राहिलं की हे बेटपण रोज कळतं. संध्याकाळी दांड्यावरून, म्हणजे किनाऱ्यावरून येणारा वारा, दारात येणारी मासळी, वाडीतली नारळ-सुपारी. हाक मारली की शेजारी येतात. आई आमच्याकडे यायची तेव्हा परत जायचं नाव काढत नसे. द्रोणागिरीत आल्यावर ती चौथ्या दिवशी बॅग भरते, हेही सांगून टाकतो.

नौदलाचा शेजार म्हणाल तर त्याचा त्रास असा काही नाही. करंजाला शस्त्रागार आहे, आयएनएस अभिमन्यू हा नौदलाचा तळ आहे, त्यामुळे काही भागात जाता येत नाही, कुठे फोटो काढता येत नाहीत, एवढंच. सप्टेंबर २०१६ मध्ये शाळेतल्या मुलांनी शस्त्रधारी माणसं पाहिल्याचं सांगितलं आणि सगळं उरण पिंजून काढलं गेलं, तेव्हा थोडे दिवस धास्ती होती. एरवी त्या शेजारामुळे इथे उंच इमारती उठल्या नाहीत, झाडं राहिली, शांतता राहिली. मला तरी तो शेजार आवडायचा.

अडचण शेजाराची नाही, त्याच्याभोवतीच्या रेषेची आहे. शस्त्रागाराभोवती १९९२ साली सुरक्षा पट्टा जाहीर झाला, ज्याला उरणात सगळे सेफ्टी झोनच म्हणतात. आधार १९०३ च्या संरक्षणविषयक कायद्याचा. पट्ट्यात नवं बांधकाम करायचं, मजला चढवायचा, तर परवानगी हवी, आणि ती मिळाल्याचं मी कुणाकडून ऐकलं नाही. हजारो कुटुंबं त्यात पिढ्यान् पिढ्या राहतात, मोर्चे निघतात, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. लोक राहतातच, पण नव्यानं विकत घेणाऱ्याची गोष्ट वेगळी.

आम्ही केगावच्या बाजूला एक घर जवळजवळ पक्कं केलं होतं. चार खोल्या, मागे विहीर, पुढे ओटा. गच्चीवर गेलो तर कॉलमच्या सळया कमरेएवढ्या उभ्या होत्या, गंजून लाल झालेल्या, टोकांना प्लॅस्टिकच्या बाटल्या उपड्या घातलेल्या. मुलाच्या लग्नाआधी वरचा मजला काढायचा म्हणून मालकांनी ठेवल्या होत्या. मुलाचं लग्न होऊन नातवंडं शाळेत जायला लागली, सळया तशाच होत्या. मी विचारलं, हे घर पट्ट्याच्या आत येतं की बाहेर? मालक म्हणाले बाहेर. शेजारचे काका म्हणाले आत. दलाल म्हणाला, अहो इथे सगळं चालतं.

मग मी तो सर्व्हे नंबर घेऊन फिरलो. प्रत्येक टेबलावर मला नम्रपणे पुढचं टेबल दाखवलं गेलं. तोंडी सगळे सांगत, लेखी कुणी देईना. बँकेच्या वकिलांनी गाव नकाशा पसरला, पेन्सिलीनं एक अंदाजे रेघ ओढली, ती नेमकी त्या वाडीवरून गेली, आणि ते म्हणाले, साहेब, मला रेघेवर कर्ज देता येत नाही. तिथेच माझा निर्णय झाला. घर आत असतं तर आत म्हणून सोडलं असतं, बाहेर असतं तर डोळे झाकून घेतलं असतं. आयुष्याची कमाई घालून ‘बहुतेक बाहेर’ असलेलं घर घेणं मला जमलं नाही. त्यात बरीचशी घरं गावठाणातली, नुसत्या घरपट्टीच्या उताऱ्यावर चालणारी. तिथे पट्टा नसला तरी बँका हात आखडता घेतात.

द्रोणागिरीत निदान प्रश्न विचारला की उत्तर कागदावर मिळतं. इथल्या बऱ्याच इमारती साडेबारा टक्क्यांच्या, म्हणजे संपादित जमिनीच्या बदल्यात शेतकऱ्यांना मिळालेल्या भूखंडांवर आहेत. १९८४ च्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी जीव दिला, त्या लढ्यातून मिळालेली ही जमीन. घेताना तेवढं भान असू द्यावं. भूखंड मूळ शेतकऱ्याकडून बिल्डरच्या नावावर सिडकोच्या दप्तरी रीतसर चढला आहे का आणि भोगवटा प्रमाणपत्र आहे का, हे दोन कागद बघा. जमीन सिडकोकडून भाडेपट्ट्यानं, म्हणून पुढे विकताना हस्तांतरण शुल्क भरावं लागतं. ते मला फारसं खुपलं नाही.

खुपतं ते ट्रेलर. न्हावा शेवा बंदराकडे जाणारे कंटेनर रस्त्याच्या दोन्ही कडांना रांगेनं उभे असतात, रात्री त्यांना मागचे दिवे नसतात. मुलीला दुचाकीवर पाठवताना अजून पोटात गोळा येतो. पावसात सखल भागात पाणी साचतं, डास आहेत. पाणथळीवरचे पक्षी मात्र सुंदर.

जाण्यायेण्याचं म्हणाल तर १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू आणि उरणची लोकल एकाच दिवशी आली आणि दोन्ही बाजूंचं नशीब पालटलं. त्याआधी मोरा बंदरातली लाँच हाच मुंबईचा जवळचा रस्ता, आणि ओहोटीला गाळामुळे ती लागायची नाही. आता केगावातून स्टेशनपर्यंत रिक्षा करावी लागते, द्रोणागिरीला स्वतःचं स्टेशन आहे. गाड्यांमधलं अंतर मोठं आहे, वेळापत्रक पाठ असायला हवं. सेतूचा मोटारीचा टोल एका फेरीला २५० रुपये, तो रोज परवडेल का हे ज्याचं त्यानं ठरवावं.

पाण्याचा अनुभव माझ्यापुरता सांगतो. उन्हाळ्यात रानसई धरण आटलं की जुन्या बाजूला कपात ठरलेली, पण तिथे विहीर असायची. इथे टँकरची वाट बघतो.

माझं मत तुमच्या गरजेला लागू पडेलच असं नाही. पैसे हातात असतील, कर्ज नको असेल, घर आहे तसंच राहणार असेल आणि सर्व्हे नंबर पट्ट्याबाहेर असल्याचं लेखी मिळालं, तर केगावसारखं सुख उरणात दुसरीकडे नाही. पण कर्ज काढणार असाल, पुढे वाढवायचं किंवा विकायचं असेल, तर मी द्रोणागिरीकडेच झुकेन. विसार देण्याआधी सर्व्हे नंबर बँकेच्या वकिलांना दाखवा, मालकाच्या शब्दावर जाऊ नका. आणि द्रोणागिरीत घेतलंत तर तळमजला तेवढा टाळा.