घटनादुरुस्तीची मागणी करताय? मग तिची वाट आधी ठरवा

ग्रामसभेत किंवा कारखान्याच्या वार्षिक सभेत 'केंद्राने घटनादुरुस्ती करावी' असा ठराव आपल्या सांगली-साताऱ्यात सहज होऊन जातो. पण निवेदन खासदारांच्या हाती देण्याआधी आपली मागणी कोणत्या वाटेने जाणार, हे ठरवायला हवं. वाटा तीन आहेत.

पहिली साध्या बहुमताची. जत तालुक्यातल्या सीमेवरच्या गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याची भाषा केली होती, तो राज्याची हद्द बदलण्याचा विषय इथे बसतो. कलम ४ अशा कायद्याला घटनादुरुस्ती मानतच नाही. विधानमंडळाचं मत मागवतात, पण ते बंधनकारक नसतं. आंध्रच्या विधानसभेने विरोध नोंदवूनही २०१४ मध्ये तेलंगण झालंच.

दुसरी कलम ३६८ मधली, विशेष बहुमताची. दोन्ही सभागृहांत स्वतंत्रपणे एकूण सदस्यांच्या निम्म्याहून जास्त मतं हवीत, शिवाय हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशही हवेत. लोकसभेत ५०० जणांनी मत दिलं, तर ३३४ बाजूने पाहिजेत. संयुक्त बैठकीची सोय नाही, त्यामुळे राज्यसभेत अडलं की अडलंच. आर्थिक दुर्बलांचं १० टक्के आरक्षण २०१९ मध्ये याच वाटेने आलं. ८ जानेवारीला लोकसभा, ९ ला राज्यसभा, १२ ला राष्ट्रपतींची सही.

तिसऱ्या वाटेला एवढं सगळं करून वर निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची मंजुरी लागते. आज २८ पैकी १४. केंद्र आणि राज्यांच्या अधिकारांची वाटणी बदलायची असेल तर ती टाळता येत नाही. वेळ लागेल म्हणून लोक हिला बिचकतात, आणि माझं म्हणणं नेमकं इथेच आहे.

९७वी घटनादुरुस्ती सहकाराची, म्हणजे आपल्या घरचीच. संचालक जास्तीत जास्त २१, मुदत पाच वर्षं, महिलांना दोन जागा. ती २०१२ मध्ये लागू झाली आणि पुढच्या वर्षी महाराष्ट्राने आपला १९६० चा सहकार कायदा तिच्याप्रमाणे बदलला. पण सहकार हा राज्यसूचीतला, म्हणजे घटनेने राज्यांकडे सोपवलेल्या विषयांच्या यादीतला विषय, आणि राज्यांची मंजुरी घेतलीच नव्हती. आधी गुजरात उच्च न्यायालयाने आणि जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा मुख्य भाग राज्यातल्या संस्थांपुरता रद्द ठरवला. तो उरला फक्त बहुराज्य संस्थांना. गावच्या विकास सोसायटीला घटनेने दिलेली हमी गेली. राहिला तो राज्याचा कायदा, जो विधानमंडळ हवा तेव्हा बदलू शकतं.

आता तिसऱ्या वाटेने गेलेली जीएसटीची घटनादुरुस्ती बघा. लोकसभेची मंजुरी ८ ऑगस्ट २०१६ ला, राष्ट्रपतींची सही ८ सप्टेंबरला. मधल्या महिन्याभरात निम्म्याहून जास्त राज्यांनी होकार दिला. आपल्या विधानमंडळाने तर त्यासाठी २९ ऑगस्टला खास अधिवेशन घेतलं.

म्हणून मागणी राज्यसूचीतल्या अधिकाराला हात लावत असेल, तर तिसरीच वाट धरा. निवेदनात तसं स्पष्ट लिहा आणि त्याची प्रत आमदारांनाही द्या, कारण त्यांचंही मत लागणार आहे. घटनेच्या मूलभूत चौकटीला, म्हणजे तिच्या गाभ्याच्या तत्त्वांना, धक्का लावणारी मागणी मात्र, १९७३ च्या केशवानंद भारती निकालानंतर, कोणत्याच वाटेने टिकत नाही.