बाइंडिंग मशीन ११ महिने वापरून: खुंटी तुटली, तरी मशीन ठेवलंय

गेल्या महिन्यात आमच्या बाइंडिंग मशीनची, कागद नेमक्या जागी अडकवायची खुंटी तुटली. तुटली म्हणजे पुठ्ठा सरकवताना टक् करून हातातच आली. त्याआधी कितीतरी दिवस ती झिजत होती आणि सुरुवातीला मला पत्ताच नव्हता. हे सगळं तेव्हाच लिहिणार होते, पण त्या रागात लिहिलं असतं तर "अजिबात घेऊ नका" एवढंच लिहून मोकळी झाले असते. आता मत थोडं बदललंय, म्हणून सविस्तर लिहिते.

मशीन नेहमीचंच, अल्बम करणाऱ्यांना माहीत असलेलं. हाताने दाबायचं, एका दाबात ६ भोकं, दोन भोकांत १२.७ मिमी अंतर म्हणजे इंचाला दोन, आणि मागच्या बाजूला दुहेरी वायर (पानं ओवायची, दातेरी कड्यांची तार) दाबून मिटवायची सोय. ११ महिन्यांत माझे ३८ मिनी अल्बम झाले, शिवाय वह्या, पाककृतींच्या डायऱ्या आणि भाचीच्या शाळेचे दोन प्रोजेक्ट. बहुतेक सगळं २ मिमी पुठ्ठ्याचं कव्हर आणि आत कार्डस्टॉक म्हणजे कार्डासारखा जाड कागद. म्हणजे मशीन शोभेला ठेवलेलं नाही, चांगलं राबवलंय.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. पंचाचं स्टील अजून धारदार आहे. २ मिमीचा पुठ्ठा एकेक घातला तर लोण्यासारखा कापला जातो. कार्डस्टॉक मी एका वेळी तीनच घालते, जास्त कोंबलं की भोकाच्या कडेला तूस राहतं आणि मग पान उलटताना ते वायरला अडकतं. मध्ये एकदा पंच अडकायला लागले होते, डबल टेप लावलेल्या कागदाला भोकं पाडल्यामुळे गोंद चिकटला होता. अॅल्युमिनियम फॉइलच्या चार घड्या करून आठ-दहा वेळा पंच केलं, नंतर मेणकागद दोन वेळा, सुटलं. खालचा, भोकांतून पडणाऱ्या टिकल्यांचा ट्रे फारच लहान आहे, दर दोन अल्बमला रिकामा करावा लागतो, भरला की टिकल्या वर येऊन पंचात अडकतात. पण ते चालतं.

आता खुंटी.

डाव्या हाताला नखाएवढी पांढरी प्लास्टिकची खुंटी असते. पहिली ६ भोकं पाडली की कागद डावीकडे सरकवायचा, सहावं भोक त्या खुंटीत अडकवायचं आणि पुढची ६ पाडायची. म्हणजे एका दाबातली सहा भोकं एकमेकांशी कायम बरोबरच असणार, ते स्टीलचं काम आहे. पण पहिल्या सहाचा दुसऱ्या सहाशी मेळ बसतो का नाही, हे सगळं त्या खुंटीवर. एवढं भक्कम लोखंडी मशीन, आणि त्याची सगळी अचूकता नखाएवढ्या प्लास्टिकच्या भरवशावर! मला यातलं सगळ्यात जास्त हेच लागलं आणि अजून लागतंय.

६ इंची अल्बमला हे फारसं जाणवत नाही, कारण तिथे १२ भोकं, दोन दाबांत काम होतं, एकदाच सरकवायचं. ए-५ ला मात्र १६ भोकं लागतात, ६ अधिक ६ अधिक ४, म्हणजे दोनदा सरकवायचं. ए-४ ची लांब बाजू असेल तर २३ भोकं, तीनदा सरकवायचं. खुंटी अर्धा मिलीमीटर झिजली असेल तर प्रत्येक सरकवणीला तो अर्धा मिलीमीटर वाढत जातो, आणि तोही दर वेळी सारखा नाही, तुम्ही पुठ्ठा किती जोरात ओढलात त्यावर. म्हणून पान एक आणि पान दोन यांची शेवटची भोकं एकमेकांवर बसत नाहीत.

मला हे कळलं ते आजोबांच्या अल्बमला. त्यांचे २६ जुने फोटो आईने जपून ठेवलेले, कृष्णधवल, काहींच्या कडा नागमोडी कापलेल्या. मी ते गोंदाने चिकटवले नाहीत, कागदाचे कोपरे करून त्यात अडकवले, म्हणजे उद्या काढायचे झाले तर मागचं लिखाण वाचता येईल. एका फोटोमागे आजीच्या हातचं फक्त वर्ष लिहिलंय, १९५८, बाकी काही नाही. पंधरा दिवस त्यात गेले. सगळी पानं तयार, भोकं पाडून झाली, वायरमध्ये एकेक ओवायला घेतली आणि मागचं कव्हर बसेना. वरची बारा भोकं वायरवर चढली, खालची चार चढेनात. उजेडात धरून बघितलं तर कव्हरचं शेवटचं भोक पानाच्या भोकाच्या जवळजवळ मिलीमीटरभर खाली. जबरदस्ती केली तेव्हा वायरचे दोन दात वाकडे झाले आणि एका पानाचं भोक फाटलं. ज्या पानाचं फाटलं त्यावर आजोबांचा सायकलसोबतचा फोटो होता. फोटोला काही झालं नाही, पण त्या क्षणी मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

खुंटी काढून भिंगाखाली बघितली तर एका बाजूला सरळ खाच पडलेली. कारण साधं आहे, कापलेल्या पुठ्ठ्याची कड चांगलीच कडक असते आणि दर वेळी आपण पुठ्ठा त्या खुंटीवर ओढून घट्ट करतो. नुसता कागद असता तर वर्षानुवर्षं काही झालं नसतं. पण खोक्यावर पुठ्ठ्याचं चित्र आहे, सोबतच्या माहितीपत्रकात पुठ्ठा चालतो असं लिहिलंय, मग पुठ्ठ्याने झिजणारी खुंटी का द्यायची?

कंपनीला लिहिलं. पहिल्यांदा म्हणाले व्हिडिओ पाठवा. पाठवला. मग म्हणाले ही सामान्य झीज आहे, वॉरंटीत बसत नाही. मी म्हटलं ठीक आहे, फुकट नको, खुंटी विकत द्या. तर उत्तर आलं की तो पार्ट सुटा मिळत नाही, जुनं मशीन परत करा, नवीन मशीन निम्म्या किमतीत देतो. नखाएवढ्या तुकड्यासाठी निम्मी किंमत! मी मोजपट्टी बाजूला ठेवून खुंटीचा फोटो पाठवला, मापं लिहून पाठवली, पाच वेळा तेच विचारलं, पाच वेळा तेच उत्तर. या भांडणात सहा आठवडे गेले आणि त्यातच एके दिवशी झिजलेली खुंटी पूर्ण तुटली. निम्मी किंमत मी दिली नाही. देणारही नाही. चांगलं चालणारं स्टील भंगारात घालून तसंच प्लास्टिक पुन्हा विकत घ्यायचं, हे माझ्या हिशोबात बसत नाही.

मग स्वतःच उपाय शोधला, आणि इथून माझं मत बदललं.

पहिले दोन प्रयत्न फसले. विणायच्या सुईचा तुकडा खुंटीच्या जागी चिकटवला, तो सैल पडला. मग प्रत्येक पानावर पेन्सिलीने खुणा केल्या, वेळ फार जायचा आणि जाड पुठ्ठ्यावर खूण दिसायचीच नाही. तिसऱ्यांदा जुन्या फाइलचं प्लास्टिकचं कव्हर घेतलं, अर्धा मिलीमीटर जाडीचं, ते बरोब्बर ए-५ एवढं कापलं आणि त्याच्या कडेला एकदाच, अगदी सावकाश, मापून १६ भोकं पाडली. आता कुठलंही पान घेतलं की हा साचा वर ठेवायचा, दोन क्लिपा लावायच्या, मशीनमध्ये सारायचं आणि हँडल हळूच थोडंसं खाली आणायचं. पंचाचे खांब आपोआप साच्याच्या भोकांत शिरतात, बसले की हाताला कळतं. मग पूर्ण दाबायचं. साचा आधीच भोकाचा असल्यामुळे फक्त खालचं पान कापलं जातं. पुढची सहा भोकं, पुन्हा तसंच.

याने माझ्या लक्षात आलं की मी इतके दिवस चुकीच्या गोष्टीच्या मागे होते. भोकं मोजपट्टीशी अगदी तंतोतंत जुळायची गरज नसते, वायर थोडा फरक सहन करते. भोकं एकमेकांशी जुळली पाहिजेत. साच्यात पाव मिलीमीटरची चूक असली तरी तीच चूक प्रत्येक पानात तशीच उतरते, म्हणून पानं एकमेकांवर बसतात. खुंटी नवी असतानाही इतकं नीट बसत नव्हतं.

दुसरा फायदा मला अपेक्षितच नव्हता. खुंटीच्या पद्धतीत पहिलं भोक मशीनच्या डाव्या आडकाठीपासून ६.३५ मिमीवर पडतं. ए-५ ची बाजू २१० मिमी, १६ भोकांची रांग पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत १९०.५ मिमी, म्हणजे एका टोकाला ६ आणि दुसऱ्या टोकाला १३ मिमी शिल्लक राहायची. वर डोक्याला कमी, खाली जास्त. शिवाय शेवटच्या दाबाला नको असलेले दोन पंच बाहेर ओढायचे विसरलात तर १७वं भोक नेमकं कागदाच्या कडेवर अर्धं कापलं जायचं, आणि सजवलेलं पान चुकून उलट घातलं तर भोकं दुसऱ्या टोकाकडून मोजली जायची आणि पान वाया. साच्यात मी रांग बरोबर मध्यावर घेतलीये, दोन्ही टोकांना पावणेदहा मिमी. पान सुलटं घाला, उलटं घाला, भोकं जुळतात. माझी वाया जाणारी पानं जवळपास बंद झाली, आणि जाड रंगीत कार्डस्टॉक वाया गेला की माझा जीव किती तुटतो हे घरच्यांना विचारा.

वायरबद्दलही थोडं, कारण नवीन लोकांचं इथे हमखास नुकसान होतं. मीही सुरुवातीला स्वस्त मिळाली म्हणून इंचाला तीन दातांची वायर घेऊन बसले होते. ए-४ साठी तिचे ३४ दात असतात, आपल्या मशीनला २३ लागतात, त्यामुळे ती कुठेच बसत नाही. ती अजून तशीच पडलीये. व्यासाचं म्हणाल तर वहीला पानांच्या जाडीपेक्षा ३ मिमी जास्त पुरतो, पण मिनी अल्बमला हा हिशोब लावू नका. अल्बमची पानं बांधणीपाशी पातळ आणि मध्ये फोटो, खिसे, टॅग, फिती यांनी जाड असतात. बांधणीपाशी मोजून १६ मिमीची वायर घातली तर अल्बम तोंड उघडून बसतो. सगळं चिकटवून झाल्यावर मधली जाडी हाताने दाबून मोजा, मग वायर निवडा. माझ्या बहुतेक अल्बमना २५ मिमी लागते, आजोबांच्या अल्बमला ३२ घातली.

आणि वायर मिटवताना मागचं कव्हर उचलून पुढच्या कव्हरवर पालथं ठेवा, मग मिटवा. मिटल्यावर ते पुन्हा मागे फिरवलं की वायरचा जोड शेवटचं पान आणि कव्हर यांच्या आत लपतो. मला हे सातव्या अल्बमला कळलं. आधीच्या सहा अल्बमचे जोड समोरून दिसतात आणि पानंही तिथूनच निसटतात. दाबताना एकदम जोर लावू नका, गोल असलेली वायर लंबगोल झाली की पानं फिरताना अडतात. टोकं एकमेकांत शिरली की थांबा, थोडं दाबून सोडा, परत बघा, वायर जराशी मागे येते हे धरून चाला.

तर मशीन घ्यावं का? मी आज पुन्हा घेईन. पण घेतल्या दिवशीच, खुंटी नवी असताना, तुमच्या नेहमीच्या मापांचे साचे करून ठेवा आणि पुठ्ठ्याला खुंटी लावूच नका. कंपनीवरचा राग गेलेला नाही. त्या खुंटीचं धातूचं रूप बनवायला त्यांना काहीही जड नाही, निदान सुटी तरी विकावी. पाच ताऱ्यांपैकी दोन मी कापतेय, एक खुंटीची, एक त्यांच्या उत्तरांची.

आजोबांचा अल्बम पुन्हा नव्याने बांधला. फाटलेल्या भोकाच्या पानाची कड २० मिमी कापून टाकली, तिथे मागून नवीन कार्डस्टॉकची पट्टी जोडली, फोटो जागचा हलवावा लागला नाही. साचा लावून सगळ्या पानांना आणि दोन्ही कव्हरना नव्याने भोकं पाडली, जुन्या भोकांची कड सगळ्याच पानांची तेवढीच कापली म्हणून अल्बम थोडा अरुंद झालाय. ओवायला चार मिनिटं लागली. आईने काल तो मांडीवर घेऊन पहिल्या पानापासून उलटला, सायकलच्या फोटोपाशी थांबली, कोपऱ्यांतून फोटो हळूच काढला, मागचं १९५८ वाचलं आणि परत आत सरकवला. फाइलच्या उरलेल्या प्लास्टिकमधून ६ इंची अल्बमचा साचा कापून ठेवलाय, रविवारी त्याची १२ भोकं पाडेन.