डबल सिलिंडर: मित्राकडून शिकायचं की कोर्स करायचा?

तारकर्लीत स्कूबाची पहिली बुडी मारून पुढे ब्रिटनच्या थंड पाण्यात रमलेल्या माझ्यासारख्याला कधी ना कधी स्कापा फ्लोला जावंसं वाटतंच. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधल्या या नैसर्गिक बंदरात जून १९१९ मध्ये जर्मनांनी आपलाच नौकाताफा बुडवला. त्यातल्या सात मोठ्या नौका अजून तळाशी आहेत, साधारण २५ ते ४५ मीटरवर. तिथल्या बोटींवर पुष्कळांच्या पाठीवर ट्विनसेट, म्हणजे एकमेकांना जोडलेले दोन सिलिंडर, दिसतो, आणि आपणही घ्यावा असं वाटू लागतं.

कायद्याचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये हौशी डायव्हरला प्रशिक्षणाचं कुठलंच कार्ड लागत नाही. बोटवाला विचारेल, तेवढंच.

लोक वजनाला घाबरतात. वजन आहेच, दोन सिलिंडरमधली हवाच जवळजवळ ६ किलो भरते, आणि ती संपत जाईल तसे तुम्ही हलके होता. पण मला खरी भीती वाटते ती हवेच्या हिशेबाची. १२ लिटरचा सिलिंडर २०० बार दाबाला भरला की २४०० लिटर हवा. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागत असेल तर ३० मीटरवर, दाब चौपट असल्याने, ८० लागते. ५० बार राखीव ठेवले तर २२ मिनिटं मिळतात, आणि डिकम्प्रेशनशिवाय, म्हणजे वर येताना टप्प्याटप्प्याने थांबावं न लागता, तिथे राहायची मर्यादा असते २० मिनिटांच्या आसपास. म्हणजे एका सिलिंडरवर हवाच तुम्हाला वेळेवर वर पाठवते. दोन सिलिंडरवर हीच २२ मिनिटं ४५ होतात. मग वर कधी निघायचं हे फक्त तुमच्या डोक्यावर.

मी आधी मित्राकडूनच शिकलो. पट्टे कसे बांधायचे, लांब होज (हवेची नळी) कुठून फिरवायची, सगळं त्याने प्रेमाने दाखवलं, एक पैसा न घेता. एका खाणीच्या तलावात व्हॉल्व्ह बंद-चालू करायचा सराव झाला आणि आम्ही पुढे निघालो. पंधरा मिनिटं झाली तरी गेजचा काटा १९० वरून हलेना. मी खूश, आज श्वास काय मस्त लागलाय! प्रत्यक्षात मधला आयसोलेटर, म्हणजे दोन्ही सिलिंडर जोडणारा व्हॉल्व्ह, मी उघडलाच नव्हता. गेज डाव्या सिलिंडरवर, मी पीत होतो उजवा. मित्रानेही तपासलं नव्हतं. त्याला मी हुशार वाटत होतो ना!

इथेच फरक पडतो. मित्र ‘जमेल हळूहळू’ म्हणतो. कोर्समधला प्रशिक्षक व्हिडिओ लावून दाखवतो, की व्हॉल्व्हकडे हात नेताना तुम्ही दीड मीटर वर तरंगत गेलात. जीयूई या प्रशिक्षण संस्थेच्या फंडामेंटल्स कोर्समध्ये तर थेट पास न होता ‘प्रोव्हिजनल’ शेरा घेऊन परतणारेही असतात. टीडीआय या दुसऱ्या संस्थेचा इंट्रो टू टेक कोर्स हवेचं नियोजनही शिकवतो. फी झोंबते, हे खरं. बीएसॅक या ब्रिटिश डायव्हिंग संघटनेच्या क्लबात असाल तर त्यांचा ट्विनसेटचा छोटा कोर्स हा मधला मार्ग आहे.

माझं मत: पाण्यात स्थिर राहता येत असेल, डिकम्प्रेशन न लागण्याच्या मर्यादेतच राहायचं असेल आणि मित्र खरोखर खडूस असेल, तर छोटा कोर्स आणि मित्र एवढं पुरे. स्कापाच्या नौकांच्या आत शिरायचा विचारही असेल तर पूर्ण कोर्स करा. डाव्या व्हॉल्व्हचा नॉब छताला घासत गेला तर आपसूक बंद होतो, हे तिथे आतमध्ये कळून उपयोग नाही.

साइडमाउंटमध्ये, म्हणजे सिलिंडर पाठीऐवजी दोन्ही बाजूंना अडकवले तर, व्हॉल्व्ह काखेपाशी समोर येतात. खांदा आखडलेल्यांना ते सोपं, पण हलत्या बोटीवर सिलिंडर अडकवताना जीव मेटाकुटीला येतो.

काहीही विकत घ्यायच्या आधी एक करा. आतल्या जाड कपड्यांसकट ड्रायसूट (पाणी आत न येऊ देणारा पोशाख) चढवा, कोणाचा तरी ट्विनसेट पाठीवर घ्या आणि तिन्ही नॉब स्वतःच्या हाताने फिरवून बघा. मला पहिल्यांदा मधला सापडलाच नव्हता.