एकच एलपी घ्यायची तर: लेड झेपलिन की ब्लॅक सॅबथ?

हार्ड रॉक ऐकायला लागलेल्यांची गाडी हमखास या दोन ब्रिटिश बँडच्या पहिल्या अल्बमपाशी अडते. दोन्ही अल्बमना बँडचंच नाव, दोन्ही लंडनमध्ये रेकॉर्ड झालेले, मध्ये अंतर जेमतेम वर्षभराचं.

झेपलिनचा अल्बम जानेवारी १९६९ चा. गिटारवादक जिमी पेज आणि बासवादक जॉन पॉल जोन्स हे तोवर दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगवर वाजवून वाजवून मुरलेले. निर्माता पेज स्वतःच. सगळं काम ३६ तासांत उरकलं असं तो सांगतो, पण घाई कुठेच जाणवत नाही. माइक लांब ठेवल्यामुळे ड्रमर जॉन बॉनमच्या ड्रम्सना अख्ख्या खोलीचा घुमारा आहे. 'ब्लॅक माउंटन साइड'मध्ये तर गिटारच्या जोडीला चक्क तबला, विराम जसानींचा! ब्लूजची, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या त्या जुन्या गायनशैलीची, सवय नसेल तर 'यू शूक मी' मात्र फार लांबल्यासारखं वाटेल.

सॅबथचं सगळंच वेगळं. बर्मिंगहॅमची चार पोरं, हातात एक दिवस. बरंचसं मैफलीत वाजवावं तसं सलग वाजवून मोकळी झाली. गिटारवादक टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या यंत्रात गेलेली, आणि डावखुरा असल्याने तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने बोटांवर घरी बनवलेल्या टोप्या चढवल्या, गिटारला हलक्या तारा लावल्या. पहिल्या गाण्यात पाऊस, घंटा, आणि मग तीनच स्वर: सा, वरचा सा, तिथून उतरून तीव्र मध्यम. आपला कान यमनावर पोसलेला, तो पंचमाची वाट बघत राहतो. पंचम येतच नाही. भीती वाटते ती तिथे, मुखपृष्ठावरच्या काळ्या वेशातल्या बाईमुळे नाही.

वादक म्हणून झेपलिन उजवे, यात वाद नको. स्वतः गिटार शिकत असाल तर तोच घ्या. पण नुसतं ऐकायचं असेल तर माझं मत सॅबथला, 'वॉर्निंग' या गाण्यातलं दहा मिनिटांचं दळण धरूनही. झेपलिनच्या मागे ब्लूजची अख्खी परंपरा दिसते. सॅबथचा हा आवाज त्याआधी असा कुणी काढला नव्हता.

सॅबथ घेताना कव्हरची मागची बाजू वाचा. मूळ ब्रिटिश आवृत्तीत 'ईव्हिल वुमन' आहे, ते दुसऱ्या बँडचं गाणं. अमेरिकन आवृत्तीत त्याऐवजी त्यांचं स्वतःचं 'विकेड वर्ल्ड'. मिळाली तर ती उचला.