अर्धशिशी उठली की आधी कोणती गोळी: साधी वेदनाशामक की ट्रिप्टान?

उजव्या भुवईवर ठणका सुरू झाला की ठरवायला माझ्याकडे फार तर अर्धा तास असतो. मग फोडणीचा वास सोसत नाही, ट्यूबलाइट डोळ्यांत घुसते, मळमळ सुरू होते. अर्धशिशीच्या झटक्यात जठराचं कामही मंदावतं, म्हणून उशिरा घेतलेली गोळी नुसती पोटात पडून राहते. डब्यात दोन पट्ट्या आहेत, नॅप्रोक्सेन ही साधी वेदनाशामक आणि सुमाट्रिप्टान हे खास अर्धशिशीवरच्या ट्रिप्टान गटातलं औषध. कधी कोणती घ्यायची, हे मला सेरोटोनिन या शरीरातल्या निरोप्या रसायनाचं काम समजल्यावरच नीट कळलं.

नॅप्रोक्सेनचा सेरोटोनिनशी थेट संबंध नाही. ते प्रोस्टाग्लँडिन ही दुखणं-सूज वाढवणारी द्रव्यं तयार होऊ देत नाही, म्हणून दाढदुखीला आणि पाळीच्या दुखण्यालाही तेच चालतं. सुमाट्रिप्टान मात्र पाठदुखीवर घेऊन काही उपयोग नाही. ते सेरोटोनिनच्या ठरावीक रिसेप्टरांवरच, म्हणजे पेशींवर ते जिथे चिकटतं त्या जागांवरच, बसतं. १बी रिसेप्टर मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांवर असतात, तिथे बसून ते फुगलेली वाहिनी आवळतं. १डी असतात चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या वेदना मेंदूकडे नेणाऱ्या ट्रायजेमिनल नसेच्या टोकांवर, तिथे ते सीजीआरपी हे दुखणं पेटवणारं द्रव्य सुटू देत नाही.

‘सेरोटोनिन कमी झालं की डोकं दुखतं’ असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे, आणि ही गोष्ट आपल्या सर्पगंधा या औषधी वनस्पतीपाशी येते. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग जगापुढे मांडला. पुढे तिच्यातून वेगळं काढलेलं रेसर्पिन शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिकामा करतं आणि अर्धशिशीच्या रुग्णांचं डोकं उठवतं, हे दिसून आलं. १९६० च्या सुमारास शिरेतून सेरोटोनिन देऊन पाहिलं तर दुखणं उतरलं, पण इतर त्रास इतका की औषध म्हणून ते देणं शक्यच नव्हतं. मग शोध सुरू झाला तो नेमक्या त्याच रिसेप्टरांना हात लावणाऱ्या रेणूचा. ग्लॅक्सो कंपनीत पॅट्रिक हम्फ्री यांच्या गटाला सुमाट्रिप्टान सापडलं आणि १९९१ मध्ये ते बाजारात आलं. म्हणजे नुसतं सेरोटोनिन वाढवून भागत नाही. नैराश्यावरच्या ज्या गोळ्या फक्त सेरोटोनिनच वाढवतात, त्यांचा अर्धशिशी टाळायला फारसा फायदा दिसलेला नाही.

आता निवड. ठणका हलका असेल आणि काम करता येत असेल तर मी आधी नॅप्रोक्सेन घेते, थोडं खाऊन. ते दोन-तीन झटक्यांत पुरेसं पडलं नाही, किंवा दुखणं दरवेळी अंथरुणालाच खिळवत असेल, तर ट्रिप्टानबद्दल डॉक्टरांना विचाराच. वर्षानुवर्षं वेदनाशामकांवर दिवस काढणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना ट्रिप्टानचं नावही कुणी सांगितलेलं नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. काहींना दोन्ही एकत्र दिल्यावर जास्त आराम पडतो, कारण वाटा वेगळ्या आहेत.

अडचणीही वेगळ्या. अल्सर किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर नॅप्रोक्सेन नको. हृदयविकार, पक्षाघात होऊन गेलेला, आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर ट्रिप्टान नको, कारण ते हृदयाच्या वाहिन्याही थोड्या आवळतं. पहिल्यांदा घेतलं तेव्हा माझी छाती आणि मान आवळल्यासारखी झाली होती. असं अनेकांना होतं आणि बहुतेकदा निरुपद्रवी असतं, तरी डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवं. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. सेरोटोनिन जास्त झाल्याचा त्रास क्वचितच होतो, पण त्यांना माहीत असलेलं बरं. प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबाचं आणि अर्धशिशी टाळण्याचं औषध घेणाऱ्यांना रायझाट्रिप्टान या दुसऱ्या ट्रिप्टानचा डोस कमी लागतो. अर्धशिशीवरची अर्गोटामिनची जुनी गोळी घेतली असेल तर चोवीस तास ट्रिप्टान नाही.

महिन्यात ट्रिप्टान दहा दिवस आणि नॅप्रोक्सेन पंधरा दिवस, या मर्यादेपर्यंत काही महिने सतत पोचत राहिलात तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. म्हणून कालनिर्णयवर मी ‘न’ आणि ‘ट्रि’ लिहिते.

आईची अँजिओप्लास्टी झाल्यापासून ट्रिप्टान तिच्यासाठी बाद. सेरोटोनिनच्याच १एफ रिसेप्टरवर काम करणारं लास्मिडिटान हे औषध वाहिन्या आवळत नाही. फक्त ते घेतल्यावर आठ तास गाडी चालवायची नसते, आणि ती अट आईला सहज पाळता येईल. पुढच्या भेटीत मी तिच्या डॉक्टरांना त्याचंच विचारणार आहे.