दोन झोनच्या बॉयलरसाठी वायरिंग सेंटर: टर्मिनल चोख, माहितीपत्रक अपुरं

वायरिंग सेंटर म्हणजे बॉयलर, थर्मोस्टॅट आणि व्हॉल्व्ह यांच्या वायरी एकत्र जोडायचा डबा. साध्या दहा टर्मिनलच्या जंक्शन बॉक्सपेक्षा हा डबा नक्कीच सरस. प्रत्येक झोन व्हॉल्व्हच्या (एका झोनकडे, म्हणजे एका भागाकडे, जाणारं गरम पाणी सोडणाऱ्या-अडवणाऱ्या व्हॉल्व्हच्या) पाचही वायरींना नाव छापलेली स्वतंत्र जागा आहे, आणि घोळ नेमका तिथेच होत असतो. तपकिरी वायर थर्मोस्टॅटकडून फेज आणून व्हॉल्व्हची मोटर फिरवते. निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. राखाडीला कायम फेज लागतो. व्हॉल्व्ह उघडला की आतला छोटा स्विच (मायक्रोस्विच) तो फेज नारिंगीवर देतो आणि बॉयलर पेटतो.

दोन्ही थर्मोस्टॅट बंद असूनही बॉयलर चालूच राहिला, तर बहुधा एखादा मायक्रोस्विच चिकटलेला असतो. मेन स्विच बंद करून एकेक नारिंगी वायर सोडवली की दोषी व्हॉल्व्ह सापडतो. इथे ते फार सोपं आहे.

उणीव मोठी आहे: बॉयलरकडे जाणारं आउटपुट फक्त 230 व्होल्टचं. कंट्रोल टर्मिनल 24 व्होल्टचं असेल तर बॉयलरचं सर्किट बोर्ड जळेल; मध्ये ड्राय कॉन्टॅक्टचा रिले (स्वतःचं व्होल्टेज पुढे न देता फक्त सर्किट जोडणारा-तोडणारा स्विच) घालाच. बॉयलरला पंप ओव्हररन (बॉयलर विझल्यावरही पंप काही वेळ चालू ठेवायची सोय) असेल तर पंप या डब्याला न जोडता थेट बॉयलरच्या पंप टर्मिनलला जोडा. माहितीपत्रकात याबद्दल एक ओळही नाही, हे खटकतं.